जुन्या गाडीचं पॉवर स्टीअरिंगचं ऑइल गळतंय, स्टॉप-लीक टाकून भागेल का?

प्रश्न लातूरचा आहे. जुनी डिझेल गाडी, ऑइलची डबी दर आठवड्याला भरावी लागते, एक मेकॅनिक म्हणतो रॅकच (स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) बदला, दुसरा म्हणतो स्टॉप-लीकची, म्हणजे गळती थांबवायच्या औषधाची, बाटली ओता. भाऊ, दोघांपैकी एकानंही गाडीखाली जाऊन पुसून बघितलेलं दिसत नाही.

थेंब पडतो तिथंच गळती असते असं धरून रॅक उतरवणाऱ्यांचा मला राग आहे. औशाकडची एक सात सीटर आमच्याकडे आली होती. दुसऱ्या गॅरेजात तिच्या रॅकचं सील किट दोनदा बदललेलं, तरी डाव्या चाकाजवळ फरशीवर लाल डाग. मालक म्हणाले, "रॅकच खराब हाय म्हणून सांगायलेत." बूट, म्हणजे रॅकच्या टोकावरचं रबरी कव्हर, बाहेरून तेलानं माखलेला होता. क्लिप काढून बूट मागं सरकवला, तर आत कोरडाठाक. आतून सील गेलं असतं तर बुटात तेल साठलं असतं. मग सगळा भाग रॉकेलनं धुतला, हवा मारून वाळवला, पंपापासून रॅकपर्यंत टाल्कम पावडर भुरभुरली. इंजिन चालू ठेवून एकानं स्टीअरिंग फुल लॉकला, म्हणजे एका बाजूला पार शेवटपर्यंत वळवून, तीन-चार सेकंद धरलं, दुसऱ्यानं बॅटरी मारली. प्रेशर होजच्या, म्हणजे पंपातून रॅककडे दाबाचं तेल नेणाऱ्या पाइपच्या, रबरावर लोखंडी टोपी दाबून बसवलेली असते, तिच्या कडेला पावडरीत बारीक लाल रेघ उमटली. तेल तिथून निघून लोखंडी नळीवरून ओघळत बुटापर्यंत यायचं. सरळ चालताना त्या होजमध्ये दाब कमी असतो, फुल लॉकला तो ७० ते १०० बारच्या घरात जातो. म्हणून इंजिन बंद ठेवून, उभ्या गाडीत बघून ही गळती सापडत नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त मात्र लॉकला धरू नका, पंप तापतो.

प्रेशर होजला क्लॅम्प, एम-सील, ट्यूबचा तुकडा काहीही टिकत नाही. जुन्या गाडीचा कंपनी होज मिळत नसेल तर जेसीबीचे आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करणारा (मशिननं टोपी दाबून बसवणारा) गाठा. लातूर, नांदेड, जालना, वाळूज, सगळीकडे अशी दुकानं आहेत. दोन तारी जाळीचा ३/८ इंची होज ३३० बारपर्यंतचा असतो, दाबाची काळजी नको. काळजी दुसरीच. तो ताठ असतो, त्यामुळे जुन्याइतका वळत नाही. साधा होज १०० अंशांपर्यंतचाच असतो, एक्झॉस्टला टेकला की संपला. मूळच्या काही होजांत पंपाचा आवाज मारणारी आतली नळी असते, ती यात नसते, म्हणून लॉकला थोडी घरघर येते. ती चालेल. दोन्ही टोकांचे जुने फिटिंग सोबत न्या, आटे आणि टोकाचा कोन जुळलाच पाहिजे. बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. अगदीच नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ पडतात.

रिटर्नचे (तेल डबीत परत आणणारे) आणि सक्शनचे (डबीतून पंपाला तेल देणारे) पाइप स्वस्त असतात, म्हणून तिथंच जास्त हलगर्जीपणा होतो. रेडिएटर-हीटरचा पाइप कापून बसवतात. त्याचं रबर पाण्यासाठीचं; तेलात फुगतं, काही महिन्यांत मळलेल्या पिठासारखं होतं. तेलाला टिकणारा होजच मागा. सक्शनचा क्लॅम्प ढिला असेल तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही, पण पंप हवा ओढतो, डबीत फेस येतो आणि स्टीअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. पुलीच्या मागं तेल गोल फेकलेलं दिसलं तर पंपाच्या शाफ्टचं सील. ते बदलण्याआधी पुली हलवून बघा. बेअरिंगला खेळ असेल तर नवं सीलही जाईल. जुन्या सुमोसारखा रॅकऐवजी स्टीअरिंग बॉक्स असेल तर पिटमन आर्मच्या (बॉक्समधून खाली आलेल्या, चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) वरचं सील आधी बघा.

आता रॅक. बुटात तेल सापडलं तर रॅकवर बोट ठेवणारा मेकॅनिक बरोबर आहे. दोन्ही बूट काही गाड्यांत एका नळीनं जोडलेले असतात, म्हणून डावीकडचं तेल उजव्या सीलचंही असू शकतं. आपल्याकडे बूट फाटला की आत काळी माती जाते, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि रॅकच्या रॉडवर गंज चढतो. रॉड पुसून त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर सील किटचे पैसे वाया; नवं सील ती खाच काही दिवसांत कापते. रॉड गुळगुळीत असेल तर किट घाला, बूट आणि क्लिपा नव्या घाला. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक) सोडवताना आटे मोजा, नंतर अलाइनमेंट करा. एअरबॅगची गाडी असेल तर कॉलम (स्टीअरिंगखालचा दांडा) सोडण्याआधी स्टीअरिंग बांधून ठेवा, नाहीतर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली वायर, तुटते.

स्टॉप-लीकवरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं जुनं भांडण आहे. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बाटली देतो. त्या औषधानं कडक झालेलं रबर फुगतं, बस्स. वयानं ताठ झालेल्या सीलचा पाझर काही महिने थांबेलही. फुटलेला होज, ढिला क्लॅम्प, खाच पडलेला रॉड यांवर त्याचा शून्य उपयोग. तुमची आठवड्याला डबी रिकामी होते, हा पाझर नाही. वर तो सांगतो की ऑइल कुठलंही चालतं. चालत नाही! क्वालिस-इनोव्हाला डेक्स्रॉन २ किंवा ३ चं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), जुन्या सँट्रोला पीएसएफ-३ (पॉवर स्टीअरिंगचं ऑइल), होंडाला होंडाचंच. डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, सगळी सीलं फुगून सिस्टीमच निकामी होईल.

पाइप बदलला की हवा काढायची. बहुतेक गाड्यांत एकूण लिटरभर तेल बसतं. जुनं काळं झालं असेल तर धुवायला धरून दोन लिटर आणा. पुढची चाकं उचला, स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा, डबी रिकामी होऊ देऊ नका. फेस दिसला तर अर्धा तास थांबा. मगच इंजिन चालू करा, रेस न देता पुन्हा फिरवा. घाईत इंजिन चालू करून हवा काढणारे फेस घुसळतात आणि पंपाला दोष देतात.

राहिलं ते हे. तेल एक्झॉस्टवर पडत असेल तर गाडी चालवू नका, आग लागते. बेल्टवर पडत असेल तरी तेच, बेल्ट घसरून चार्जिंग जातं, काही गाड्यांत वॉटर पंपही. रस्त्यात डबी पूर्ण रिकामी झाली आणि पॉवर स्टीअरिंगचा बेल्ट वेगळा असेल तर तो काढून सावकाश घरी या. स्टीअरिंग जड होईल, पण पंप कोरडा फिरून आतून खरवडला जाणार नाही. एकच लांब बेल्ट सगळं फिरवत असेल तर तो काढू नका, टोइंगच करा.