सिंगापूरमध्ये एकच दिवस मोकळा असेल तर सेंटोसा बेट आणि तिथले मत्स्यालय पाहावे का? दिवस कसा आखावा?

आपल्याबरोबर वयस्कर आई-वडील आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे, म्हणून त्या बेताने उत्तर देतो. सेंटोसाला अवश्य जावे, पण तिकीट काढून पाहायची मोठी गोष्ट एकच ठेवावी, ती म्हणजे मत्स्यालय. युनिव्हर्सल स्टुडिओज हे मनोरंजन उद्यान त्याला लागूनच असल्यामुळे दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास दोन्हीकडे नुसती धावपळ होते आणि वडीलधाऱ्यांचे पाय दुपारीच बोलू लागतात.

मेट्रोने हार्बरफ्रंट स्थानकावर उतरून वरच्या व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर गेलात की सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल मिळते. बेटावर जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर लागतात. बेटावर फिरताना आणि परतताना काहीच लागत नाही. चालण्याची तयारी असेल तर मॉलच्या शेजारून निघणारा बोर्डवॉक, म्हणजे पायी जाण्याचा मार्ग आहे, तोही विनामूल्य.

जुनी प्रवासवर्णने वाचून बेत आखत असाल तर थोडी सावधगिरी बाळगावी. १९९१ साली सुरू झालेले ‘अंडरवॉटर वर्ल्ड’ हे जुने मत्स्यालय २०१६ मध्ये बंद झाले आणि सेंटोसावरचा मरलायन, म्हणजे सिंहाचे डोके आणि माशाचे धड असलेला ३७ मीटर उंचीचा पुतळाही २०१९ नंतर पाडण्यात आला. आज जे मत्स्यालय आहे ते २०१२ मध्ये ‘एस. ई. ए. ॲक्वेरियम’ या नावाने उघडले होते. जुलै २०२५ मध्ये ते सुमारे तिप्पट मोठे होऊन ‘सिंगापूर ओशनेरियम’ झाले. त्याची तिकिटे आधीच ऑनलाइन काढावीत आणि सकाळी दार उघडतानाच आत जावे, म्हणजे काचेजवळ उभे राहायला जागा मिळते.

काच हा शब्द मी सवयीने वापरला. प्रत्यक्षात ते ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचे पारदर्शक प्लास्टिक असते. सर्वांत मोठ्या टाकीसमोरचा पडदा ३६ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच आहे. इतक्या जाडीची साधी काच हिरवट दिसली असती. ॲक्रिलिकमधून रंग जसेच्या तसे येतात आणि थरावर थर जोडून त्याचा अखंड पडदा करता येतो. टाकीत पाणी किती आहे यावर पडद्यावरचा दाब ठरत नाही, तो खोलीवर ठरतो, ही गोष्ट मुलाला तिथेच उभे राहून सांगता येईल.

त्या पडद्यासमोर निदान पाऊण तास तरी बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. फोटो काढून पाच मिनिटांत पुढे सरकणाऱ्यांना तिथले खरे काही दिसत नाही. मांटा नावाचे प्रचंड पाकट डोक्यावरून जाते तेव्हा त्याच्या पोटाकडे पाहावे: कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसतात, आणि पांढऱ्या पोटावरच्या काळ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक मांटाची वेगळी असते, त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेले पर एरवी गुंडाळी करून ठेवलेले असतात. खाण्याच्या वेळी ते उलगडून पाणी तोंडात वळवले जाते. जेलीफिशच्या दालनात टाकी गोल का आहे, हेही मुलाला विचारून पाहावे. कोपरे असते तर प्रवाहाबरोबर वाहणारे ते मऊ जीव तिथे अडकून फाटले असते, म्हणून पाणी सतत गोल फिरते ठेवावे लागते.

मत्स्यालयाला तीन ते चार तास धरावेत आणि त्यात भर दुपार जाऊ द्यावी, कारण सिंगापूर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे आणि दुपारचे ऊन किंवा अचानक येणारी गडगडाटी सर, दोन्ही उघड्यावर सोसवत नाहीत. त्यानंतर बेटावरचाच सिलोसो किल्ला पाहावा. तिथे जाणारा उंच पादचारी पूल १८१ मीटर लांब आणि अकरा मजले उंचीवर आहे. वर जायला लिफ्ट असल्याने आई-वडिलांना अडचण येणार नाही, आणि पूल व किल्ला दोन्हींना प्रवेशशुल्क नाही. समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी ब्रिटिशांनी इथे तोफा रोखल्या होत्या, पण १९४२ मध्ये जपानी सैन्य उत्तरेकडून, जमिनीवरून आले. १५ फेब्रुवारीला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली, तो प्रसंग मेणाच्या पुतळ्यांतून मांडलेला आहे.

किनाऱ्यांविषयी फार अपेक्षा ठेवू नये. वाळू बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे आणि क्षितिजावर मालवाहू जहाजे नांगर टाकून उभी असतात. मला मात्र ती जहाजे मोजत बसायला आवडले. पलावन किनाऱ्यासमोरच्या छोट्याशा बेटावर ‘आशिया खंडाचे दक्षिणतम टोक’ अशी पाटी आहे. बेटासमोरचे बेट खंडाचे टोक कसे, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही! मुलाला खेळायला मात्र तिथले पाणी उथळ आणि शांत आहे, आणि किनाऱ्याने फिरणाऱ्या बसगाड्या विनामूल्य आहेत.

सूर्य तिथे वर्षभर सातच्या सुमारास मावळतो. सिलोसो किनाऱ्यावर रात्री होणारा पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळ पाहणार असाल तर तो संपताच मोनोरेलच्या बीच स्थानकावर मोठी रांग लागते, हे ध्यानात ठेवावे. आई-वडिलांना उभे राहणे जमणार नसेल तर खेळ न पाहता साडेसहालाच मोनोरेल पकडावी.