कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी एवढं कर

भावा, नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, टेन्शन येणारच. आत्ता तीनच गोष्टी बघ.

१. भाडं, किराणा, हप्ते वहीत लिही, महिन्याचा कमीत कमी आकडा काढ. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा, हळूहळू का होईना.

२. क्रेडिट कार्डाचं नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) भरू नको, बऱ्याच कार्डांवर वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे व्याज चढतं, नवीन पोरं इथेच अडकतात.

३. पीएफ लगेच काढू नको, ५ वर्षं सर्व्हिस नसेल तर टॅक्स लागू शकतो, आणि जुना पीएफ ट्रान्सफर केला तर ती सर्व्हिसपण धरतात.

आणि घरी सांग रे, काम सुटल्यावरपण रोज डबा घेऊन निघणारे पाहिलेत मी. एसआयपी-बिसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला पैसे टाकणं, नंतर बोलू, आधी यूएएनची (पीएफच्या कायम नंबरची) केवायसी चेक कर.