धाब्यावरची झोप

प्रश्न : ताई, मी खानदेशातल्या चोपडा तालुक्यातला शेतकरी, वय 68. केळी आणि कापूस करतो. गावात सगळे मला आप्पा म्हणतात. आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. दोन वर्षांपूर्वी मुलाने ते पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधलं. नव्या घराला नाव ठेवायला जागा नाही, पण माझं मन रमत नाही. जुन्या घराची सागवानी चौकट मी विकू दिली नाही. खळ्यातल्या शेडखाली उभी करून ठेवली आहे, दुपारभर तिच्यापाशी बसतो. जेवायला बसलो की तोंडून निघतंच, 'धाब्याच्या घरात असं नव्हतं.' उन्हाळ्यात सारी भावकी धाब्यावर झोपायची, आजोबा चांदण्या दाखवायचे. आता पोरं एसी लावून दार बंद करतात. परवा मुलगा म्हणाला, 'आप्पा, तुम्ही आमच्यात असून नसल्यासारखे.' ते फार लागलं. आमच्या मंडळींना मात्र नवं घर आवडलं, त्याचंही वाईट वाटतं. मी जुनं विसरायला हवं का?

उत्तर : आप्पा, विसरा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुढे जाऊ देईना. मंडळींना नवं घर आवडलं, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटलं. का आवडलं, हे त्यांना कधी विचारलंत?

माझं माहेर अमळनेरजवळचं, आमचंही धाबंच होतं. लाकडी कड्यांवर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा थर, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. खारी ओली झाली की फुगून घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून दर वर्षी मृगाच्या आत नवी खारी अंथरायची. तुम्हाला हे मी काय सांगणार! मला आठवते ती बैलगाडीतल्या मातीच्या ढिगावर बसून आलेली मज्जा. आणि आठवतात त्या गळक्या रात्री : घरभर पराती, घमेली, तपेली मांडलेली आणि थेंबांचा प्रत्येकात वेगळा आवाज. मुलांना मी हे इतक्यांदा सांगितलं की त्यांचं पाठ झालं होतं. एकदा आई माझ्याकडे राहायला आली होती, लसूण सोलत बसली होती. मी पुन्हा तेच सुरू केलं. आई मान वर न करता म्हणाली, "तुम्ही झोपेल होते. मी रातभर पराती उपसत होते."

मग ती हळूहळू बोलायला लागली. खारीच्या टोपल्या शिडीवरून तिने आणि माझ्या दोन काकूंनी वाहिल्या होत्या. एका वर्षी तर तिला सातवा महिना होता. सारवून सारवून हातांची सालं निघत, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत. मी म्हटलं, पण धाब्यावरची झोप? तेव्हा ती म्हणाली, बायका कुठे धाब्यावर झोपायच्या? पुरुष आणि पोरं वर, आम्ही खाली. वरून कुणी पाणी मागितलं की तांब्या घेऊन शिडी चढायची.

मला खूप लाज वाटली. इतकी वर्षं मी ते घर आठवत होते आणि त्यात आई कुठेच नव्हती. ती आठवण मी अजूनही सांगते, पण आता आईसकट सांगते, आणि खरं सांगते आप्पा, तेव्हापासून ती मला जास्त प्रिय झाली आहे.

तुमच्या मंडळी काय सांगतील ते मला माहीत नाही. कदाचित उभ्याचा ओटा सांगतील, कदाचित घरातला नळ, कदाचित भलतंच काही. मध्ये न बोलता ऐका. आणि जेवताना 'असं नव्हतं' म्हणणं आजपासून बंद करा. ताट सुनेने वाढलेलं असतं. तुम्ही धाब्याबद्दल बोलता, तिला वाटतं भाकरीबद्दल बोलता.

आपल्याकडच्या अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस आठवून पाहा. सकाळी पितरांच्या नावाने घागर भरतो, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतो, पुरणपोळी-आमरसाची आगारी विस्तवावर टाकतो. गेलेल्यांना त्यांचा पूर्ण मान मिळतो. त्याच दिवशी सासरहून आलेल्या लेकी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणतात, आणि त्याच दिवशी सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपून नवं ठरतं. घागर भरली म्हणून झोका कुणी सोडत नाही, सालदाराचं बोलणं कुणी पुढे ढकलत नाही. तुमच्या घरी मात्र दोन वर्षं रोज दुपारी घागरच भरणं चाललं आहे.

आता चांदण्यांचं. त्या कुठे गेल्या? तुमच्या डोक्यावर गच्ची आहे. मुलं वर येत नाहीत याचं कारण एसी तर आहेच, पण स्लॅबही आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ती धग बाहेर टाकत राहतं. मातीच्या धाब्याचं तसं नव्हतं, हे तुम्हाला तुमच्या पाठीने ठाऊक आहे. तर ते ज्ञान आता कामाला लावा. होळीच्या सुमाराला गच्चीवर कळीच्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, खालच्या खोल्याही जरा निवतील आणि ते मुलाला पहिल्याच वैशाखात जाणवेल. दिवस मावळल्यावर धुण्याचं उरलेलं पाणी शिंपडा. दहाच्या पुढे अंथरूण टाका. नातवाला वर या म्हणून बोलावणी करू नका. एकटेच जाऊन झोपा, चार-आठ रात्री जाऊ द्या.

तो येईल तेव्हा बसवून गोष्टी सांगू नका, काहीतरी करता करता सांगा. आसोद्याच्या लेकीला, आपल्या बहिणाबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ते टिपून घेत. 1951 साली बहिणाबाई गेल्या. ती गाणी आज आपल्यापाशी आहेत ती त्या टिपणांमुळे. हातातलं काम चालू होतं म्हणून गाणं येत होतं, आणि ऐकणाऱ्याला ते आपणहून टिपावंसं वाटत होतं.

यासाठीच तुमच्या चौकटीचं बोलते. खळ्यात शेडखाली सागालाही वाळवी लागू शकते. चौकटीची उभी दोन लाकडं माणसाच्या लांबीची असणार. गावच्या सुताराकडून त्यांची बाज करून घ्या : ती दोन लांब बाजूंना, वरचं-खालचं लाकूड डोक्याशी आणि पायथ्याशी, पाय दुसऱ्या लाकडाचे. नक्षी असेल तर ती बाहेरच्या अंगाला ठेवायला सांगा. सुतळी मात्र तुम्ही विणा, आणि नातवाला समोरच्या टोकाला बसवा. बाज एकट्याला विणता येते, पण दोघांनी ताण धरला तर घट्ट बसते. त्या दोन-तीन दुपारी तो जे विचारेल तेवढंच सांगा. मोबाइलवर टिपून घेतो म्हणाला तर घेऊ द्या.

बाज तयार झाली की गच्चीवर न्या, आणि पहिल्या रात्री मंडळींना वर बोलवा. त्यांनी आधी कधी धाब्यावर झोपून पाहिलं होतं का, ते मला जरूर कळवा. आणि आप्पा, पाण्याचा तांब्या घेऊन जिना तुम्ही चढा.