सेस्ना 182 ने अमेरिकेहून युरोपात जायचं असेल तर प्लॅनिंग कुठून सुरू करावं?

तुमचं पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन, अमेरिकेतलं, ढगात नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी देणारं इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू, एक इंजिनच्या छोट्या सेस्ना 182 विमानात चौथा हिस्सा, पासपोर्ट भारतीय, आणि पुढच्या उन्हाळ्यात मित्राला घेऊन न्यू जर्सीहून स्कॉटलंडपर्यंत स्वतः उडवत जायचंय, जमलं तर पुढे भारतात. विचारताय की सुरुवात कुठून करू. मी हा प्रवास 182 मधूनच केलाय, डाव्या सीटवर मी आणि उजवीकडे वर्षानुवर्षं फेरी फ्लाइट, म्हणजे दुसऱ्याचं विमान उडवत पोचवून द्यायचं काम, केलेला एक पायलट, त्यामुळे जे सांगतेय ते त्याच्याकडून शिकलेलं आणि स्वतः करून बघितलेलं असं दोन्ही आहे.

सुरुवात पाण्यावरच्या सगळ्यात लांब लेगपासून, म्हणजे मध्ये न उतरता उडायच्या टप्प्यापासून, करा. बाकी सगळं, म्हणजे कुठला महिना, किती सामान, कुठले व्हिसे, एक्स्ट्रा टँक लावायचा की नाही, हे त्या एका लेगवरून ठरतं. बहुतेक जण उलटं करतात, आधी तारीख ठरवतात, घरच्यांना सांगतात, एडिनबरामध्ये हॉटेल बुक करतात आणि मग इंधनाचा हिशोब करायला बसतात.

नेहमीचा दक्षिणेकडचा रूट म्हणजे कॅनडातलं गूज बे, ग्रीनलंडचं नार्सारसुआक, आइसलंडचं रेक्याविक, स्कॉटलंडचं विक. यातला गूज बे ते नार्सारसुआक लेग साधारण 675 नॉटिकल, म्हणजे समुद्री, मैल, पुढेही मैल म्हणजे हेच. आता तुमच्या विमानाचा हिशोब करू. नवीन 182 मध्ये वापरता येण्याजोगं पेट्रोल 87 गॅलन, खर्च तासाला 13 धरा, वेग 135 नॉट, म्हणजे तासाला तेवढे मैल. वारा शून्य धरला तर पाच तास, म्हणजे 65 गॅलन. त्यावर 10 टक्के जास्तीचं, कारण कॅनडातून सिंगल इंजिन घेऊन समुद्रावर निघताना तिथला नियमच तसा आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही त्याच नियमात येतं. मग 45 मिनिटांचा रिझर्व्ह, जमिनीवर चालवायचे (टॅक्सी) आणि वर चढायचे (क्लाइंब) दोन-अडीच गॅलन. बेरीज 84 च्या आसपास जाते. कागदावर बसतंय असं वाटतं, पण नुसता पाच नॉटचा हेडविंड, म्हणजे समोरून वारा, आला की टाकी संपली, आणि मुख्य म्हणजे यात ऑल्टरनेट, म्हणजे ठरल्या जागी उतरता आलं नाही तर जायचा दुसरा एअरपोर्ट, धरलेलंच नाहीये. नार्सारसुआक फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, आत आहे, दोन्ही बाजूंना डोंगर, पलीकडे हिमनदी, तिथे खालचे ढग किंवा आइसकॅपवरून, म्हणजे ग्रीनलंडभर पसरलेल्या बर्फाच्या थरावरून, उतरणारा जोराचा वारा असेल तर जायचं कुठे? ग्रीनलंडची राजधानी नुक तिथून अडीचशे मैल, म्हणजे अजून 24 गॅलन. ते आपल्याकडे नाहीत. म्हणजे स्टँडर्ड टँकवर हा लेग करायचा झाला तर मागून चांगला वारा (टेलविंड) आहे आणि नार्सारसुआक उघडं राहणारच आहे या दोन्हीवर भरवसा ठेवून निघायचं, आणि मी तरी मित्राला शेजारी बसवून तसं निघणार नाही.

मग दोन रस्ते उरतात. एक म्हणजे केबिनमध्ये फेरी टँक, म्हणजे जास्तीची टाकी, बसवायचा, त्यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, एफएएची, परवानगी, वजनाचा नवा हिशोब, मागच्या सीट बहुतेक काढाव्या लागतात. दुसरा म्हणजे उत्तरेचा रूट. कॅनडातले कुजुआक आणि इकालुइत, ग्रीनलंडमधले कांगरलुसुआक आणि कुलुसुक, मग रेक्याविक. इकालुइत ते कांगरलुसुआक साधारण 490 मैल. तोच हिशोब लावा, 47 गॅलन प्रवासाचे, 10 टक्के, रिझर्व्ह, क्लाइंब धरून 64 च्या आसपास, आणि ऑल्टरनेट नुक धरलं तर 170 मैल म्हणजे साडेसोळा गॅलन. एकूण साडेऐंशी. विमान तेच, टाकी तीच, आणि ऑल्टरनेटसकट बसलं. पुढे आइसकॅप ओलांडून कुलुसुक 340 मैल आणि तिथून रेक्याविक 400 च्या आत. आइसकॅप काही ठिकाणी दहा हजार फुटांच्या वर जाते, त्यामुळे ऑक्सिजनची छोटी बाटली बरोबर हवी, आणि वर ढग, खाली बर्फ, सगळं पांढरं असताना क्षितिज दिसत नाही, इन्स्ट्रुमेंटवर मनापासून विश्वास ठेवता आला पाहिजे.

आपली मुंबईची आरोही पंडित 2019 मध्ये लाइट स्पोर्ट विमानात एकटीने अटलांटिक ओलांडून गेली ना, ती स्कॉटलंडमधल्या विकहून निघून आइसलंड आणि ग्रीनलंड करत इकालुइतलाच उतरली. तुमच्या उलट दिशेने, म्हणजे वारा बहुतेक वेळा तोंडावर, आणि विमान 182 पेक्षा कितीतरी हलकं. छोट्या छोट्या लेगमध्ये तोडला की हा समुद्र छोट्या विमानालाही जमतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पण उत्तरेच्या रूटची अडचण पेट्रोलची. ॲव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, तिकडे पंपावर मिळतं असं धरू नका, इकालुइतला ते ड्रममध्ये येतं आणि ड्रम फोडला की पूर्ण ड्रमचे पैसे, तुम्ही अर्धा वापरा की पाऊण. आणि ग्रीनलंडमध्ये आत्ता सगळंच बदलतंय, नुकला 2024 च्या शेवटी लांब रनवे सुरू झाला आणि मोठी विमानं कांगरलुसुआक सोडून तिकडे गेली, दक्षिणेला काकोर्तोकच्या नव्या एअरपोर्टमुळे नार्सारसुआकचंही चित्र बदलतंय. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा कुणाचा ब्लॉग वाचून जाऊ नका. प्रत्येक एअरपोर्टला ईमेल करा, ॲव्हगॅस आहे का, किती आहे, त्या आठवड्यात कुणी दुसरं घेऊन संपवणार आहे का, उघडं किती वाजेपर्यंत, आणि उत्तर लेखी घ्या. वेळेबाहेर किंवा रविवारी उघडायला लावलंत तर चार्ज एवढा जबर लागतो की एक दिवस हॉटेलमध्ये झोपून काढलेला परवडतो.

आता व्हिसा, आणि हे तुम्हाला अमेरिकन पायलटांच्या कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाही कारण त्यांना हा प्रश्न येतच नाही. भारतीय पासपोर्टवर नुसता शेंगेन व्हिसा ग्रीनलंडला चालत नाही. ग्रीनलंड डेन्मार्कचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही, व्हिसावर ग्रीनलंडसाठी वैध असं वेगळं लिहून घ्यावं लागतं आणि ते डेन्मार्ककडूनच. फेरो बेटांचंही तसंच. आइसलंड शेंगेनमध्ये, स्कॉटलंडसाठी यूकेचा वेगळा, आणि कॅनडाचा मल्टिपल एंट्री, कारण अर्ध्यातून परत फिरलात तर तुम्ही पुन्हा कॅनडातच उतरणार. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा लागत नाही. आपण स्वतः विमान उडवतोय म्हणून क्रू आहोत असं सांगून सुटता येईल या भरवशावर अजिबात राहू नका. नियम एवढाच धरा की जिथे उतरणार तिथला व्हिसा, आणि जिथे नाइलाजाने उतरावं लागेल तिथलाही. रेक्याविकहून विक 640 मैल, वाटेत फेरोचं वागर हे एकच सोयीचं ठिकाण, आणि हवा बिघडली तर तुम्ही तिथेच जाणार, तेव्हा कागद नाहीत हा विचार डोक्यात येता कामा नये. हे काम सहा महिने आधी सुरू करा, आणि मित्राचंही सगळं यातच धरा.

कागदांचं बाकी पटकन सांगते. अमेरिकेतून निघताना ईएपिस, म्हणजे विमानातल्या लोकांची आगाऊ माहिती, ऑनलाइन भरायची, कॅनडात उतरण्याच्या किमान दोन तास आधी तिथल्या बॉर्डर सर्व्हिसला फोन, यूकेसाठी जनरल एव्हिएशन रिपोर्ट, विमानाची आणि आतल्या लोकांची माहिती देणाऱ्या जनरल डिक्लेरेशन फॉर्मच्या भरपूर कॉप्या. विमानाचं एफसीसीचं (अमेरिकेचं दळणवळण खातं) रेडिओ लायसन आणि तुमचं रेडिओ ऑपरेटर परमिट, देशात उडताना हे कुणी विचारत नाही म्हणून बऱ्याच जणांकडे नसतंच. ईएलटी, म्हणजे अपघात झाला की सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर, 406 मेगाहर्ट्झचा हवा, जुना 121.5 वाला 2009 पासून सॅटेलाइट ऐकतच नाहीत. इन्शुरन्सची पॉलिसी उघडून प्रदेश कुठला लिहिलाय ते वाचा, बहुतेक अमेरिकन पॉलिसी अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, बहामा एवढ्यावर थांबते, आणि भागीदारीतलं विमान असल्यामुळे बाकीच्या तिघांची लेखी संमती आधी घ्या, शेवटच्या महिन्यात नको.

इमर्शन सूटवर, म्हणजे थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणाऱ्या अंगभर सूटवर, मात्र वेळ घालवा, हे मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय. नऊ हजार फुटांवरून इंजिन बंद पडलं तर 182 साधारण 13 मैल ग्लाइड करेल, म्हणजे समुद्रावर त्याचा उपयोग फक्त तयारीला काही मिनिटं मिळण्यापुरता. तिथलं पाणी चार-पाच डिग्रीचं, सूट नसेल तर दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. सूट पिशवीत घडी करून मागे ठेवला तर काहीच फायदा नाही, 182 च्या सीटवर बसून तो अंगात चढवता येत नाही, गुडघे पॅनलला लागतात आणि पाय आत घालेपर्यंतच सगळी मिनिटं जातात. म्हणून निघतानाच कमरेपर्यंत घालून ठेवायचा, बाह्या मागे बांधून, आणि लांब लेगला पूर्ण घालून झिप वर. ही झिप कडक असते, तिला मेण लावून ठेवावं लागतं, आणि शेवटचं चार बोटं अंतर ओढायला बहुतेक वेळा शेजारच्याचा हात लागतो, तर मित्राला ते आधी शिकवा. गळ्याचं रबर इतकं घट्ट बसतं की पहिल्यांदा जीव गुदमरल्यासारखा होतो, ती सवय घरी टीव्ही बघत करून घ्या. लघवीचं काय ते पण जमिनीवर असतानाच ठरवा, त्यासाठी वेगळी झिप असलेला सूट घ्या, कारण लोक पाणी प्यायचं टाळतात आणि पाचव्या तासाला डोकं दुखून निर्णय चुकायला लागतात. राफ्ट, म्हणजे फुगवायची बोट, मागच्या सीटवर, हात पोचेल तिथे, त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. दोघांनी स्विमिंग पूलमध्ये पाण्याखालून बाहेर पडायचं ट्रेनिंग घ्याच, ते अमेरिकेत मिळतं.

महिना जून ते ऑगस्ट. तेव्हाही आइसिंग, म्हणजे विमानावर बर्फ साचणं, असतंच, कारण शून्य डिग्रीची पातळी तिकडे फारच खाली येते आणि तुमच्या 182 ला आइसिंगमध्ये जायची परवानगी नसणार. म्हणजे ढगात शिरून बघू हा पर्यायच नाही. थांबायचं. रोज सकाळी उठून हवा बघायची, नाही म्हणायचं, जेवायचं, झोपायचं, आम्ही असे दिवस काढलेत. सुट्टी तीन आठवड्यांहून कमी मिळत असेल तर यंदा जाऊ नका, सोमवारी ऑफिसला पोचायचंय हा दबाव त्या समुद्रावर नको. आणि प्रत्येक लेगला परत फिरायचा मैल आधीच कागदावर लिहा. सूत्र सोपं आहे, एकूण अंतर गुणिले परतीचा ग्राउंडस्पीड (वारा धरून जमिनीवरचं अंतर कापायचा वेग) भागिले दोन्ही ग्राउंडस्पीडची बेरीज. 490 मैल, जाताना 115 आणि परतताना 155 पडत असेल तर 281 व्या मैलापर्यंत मागे फिरणं वेळेच्या हिशोबाने जवळ, त्यापुढे पुढचं गाव जवळ. इंजिनचा आवाज समुद्रावर उगीच वेगळा वाटायला लागतो, सगळ्यांनाच वाटतो, तेव्हा हा आकडा डोळ्यासमोर असला की डोकं शांत राहतं.

भारताचं या वेळी सोडून द्या असं मी म्हणेन. युरोपच्या पुढे ॲव्हगॅस मिळणंच अवघड होत जातं, परवानग्यांचा वेळ वाढतो, आणि भारतात यायला डीजीसीएची आगाऊ परवानगी, कस्टम्स असलेला एअरपोर्ट, आत आल्यावर प्रत्येक फ्लाइटला हवाई संरक्षण मंजुरीचा एडीसी नंबर आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर. ॲव्हगॅस भारतात 2022 पर्यंत पूर्ण आयात व्हायचं, आता इंडियन ऑइल गुजरातच्या कोयली रिफायनरीत बनवतं, पण प्रत्येक एअरपोर्टवर असेल असं नाही. तो वेगळा प्रवास आहे, विमान युरोपात ठेवून पुढच्या वर्षी करता येईल.

तुमचं 182 कुठल्या वर्षाचं आहे तेवढं सांगा, जुन्या मॉडेलमध्ये टाकी बरीच लहान असते आणि मग वरचे सगळे आकडे परत मांडावे लागतील. विमानाचा युजफुल लोड, म्हणजे माणसं, इंधन आणि सामान मिळून किती वजन नेता येतं ते, आणि तुम्हा दोघांची वजनंही लिहा, फुल टँकच 520 पाउंडांच्या वर जातो, राफ्ट आणि सूट धरून बॅगांना काय उरतं ते बघू.