पाचवा विषय: कथक

मे महिन्यात, सीबीएसईचा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात, ऐरोलीहून बाप-लेक करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे ठाण्याला आले. "मॅडम, ८८ टक्के आहेत आणि ही अकरावीला नाच घ्यायचा म्हणते," वडील बसायच्या आधीच म्हणाले. शेजारून मुलगी (तिला आपण मुक्ता म्हणू) पुटपुटली, "कथक, बाबा." ही दुरुस्ती तिने पुढच्या तासाभरात चार-पाच वेळा तरी केली असेल.

दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच. नृत्य घेतलं म्हणजे सायन्स सुटलं, असं पालक धरूनच चालतात. मुक्ताची शाळा सीबीएसईची. तिथे अकरावी-बारावीला कथक, भरतनाट्यम, ओडिसी, कुचिपुडी, मणिपुरी किंवा कथकली विषय म्हणून घेता येतं, फक्त शाळेने तो विषय ठेवलेला हवा. तिच्या शाळेत कथक होतं. म्हणजे इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि पाचवं कथक. इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही.

वडिलांचा जीव जरा भांड्यात पडला, पण लगेच सूर बदलला. "मग बरंच की. सोपा विषय, टक्के वाढतील. नाचाचे जादा मार्क पण देतात म्हणे दहावीला." ते सवलतीचे गुण राज्य मंडळाच्या दहावीचे. गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना मिळतात. मुक्ताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आणि सोपा? शंभरातले ७० गुण प्रात्यक्षिकाचे, ३० लेखी. लेखीत कथकची घराणी येतात, 'अभिनयदर्पण' या जुन्या ग्रंथातल्या हस्तमुद्रा येतात, ताल लिपीत लिहावे लागतात. मुक्ता सहा वर्षं शिकत होती, म्हणून मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "त्रितालाचा ठेका लिही, आणि खाली तुझ्या आवडीचा एक तुकडा, मात्रा पाडून." त्रिताल म्हणजे सोळा मात्रांचा ताल, आणि तुकडा म्हणजे त्यात बसवलेली नाचाच्या बोलांची छोटी रचना.

ठेका झरझर उतरला. तुकड्यापाशी मात्र पेन अडखळलं. बोल तोंडात होते, पायात होते, कागदावर येईनात. खोडलं, परत लिहिलं. वडील रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात, मोजदादीत आयुष्य गेलेला माणूस. बोटाने ओळ मोजत म्हणाले, "सोळा पाहिजेत ना? सतरा झालेत तुझे."

मुक्ता गप्प झाली. अडचण वडिलांची आहे, असं मी धरून बसले होते आणि तिथे माझं चुकलं. कथक म्हणजे अभ्यासातून सुटका, असं तिनेच मनाशी ठरवलं होतं. मग आम्ही आठवड्याचं वेळापत्रक मांडलं. रोज चार ते आठ जेईईचा क्लास ठरलेला. त्यानंतर रियाज कधी? रात्री साडेनऊला, जेवणाच्या आधी की नंतर? माझं मत मी स्पष्ट सांगितलं: दोन्ही पूर्ण ताकदीने होणार नाही, आणि ७० गुणांचं प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या महिन्यात उरकता येत नाही.

"आणि पुढे नाचातच जायचं म्हणाली तर?" वडिलांनी अखेर मनातलं विचारलं. नृत्यात पदवी घेता येते, मुंबई विद्यापीठाशी संलग्न नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, एवढं सांगितलं. पण तो निर्णय बारावीनंतरचा. आज तो सोडवायला बसलो असतो, तर पाचवा विषय राहिला असता बाजूलाच.

चार दिवसांनी मुक्ताचा मेसेज आला. कथक घेतेय, जेईईचा क्लास फक्त शनिवार-रविवारचा. खाली कागदाचा फोटो, तुकडा पुन्हा लिहिलेला. मी मोजला. सोळा होत्या.

ऑगस्टमध्ये वडिलांचा फोन आला, आवाज वैतागलेला. पहाटे सहाला तत्कार, म्हणजे पाय आपटून करायचा रियाज, सुरू होतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. "मॅडम, कथकला पायाखाली काय अंथरलं तर चालतं?" म्हटलं, ते तिच्या गुरूंना विचारा.