दवाखान्यात नेणं जमत नसेल, तर दाताचे डॉक्टर वृद्धाश्रमात आणा

प्रश्न: माझी माय अमळनेरजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. वय ७८. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू कमजोर आहे, व्हीलचेअर लागते. हल्ली व्हिडिओ कॉलवर ती तोंडाला पदर लावून बोलते. जेवण कमी झालंय, असं व्यवस्थापक सांगतात. तिला विचारलं तर ‘बठ्ठं बरं शे’ (सगळं बरं आहे) एवढंच. जळगावच्या दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यात आणायला सांगितलं, पण तिला गाडीत बसवणार कोण, जिना चढवणार कोण? इथे मेलबर्नला डॉक्टर सामान घेऊन वृद्धाश्रमात जातात. आपल्याकडे तशी सोय होते का?

उत्तर: ताई, होते. मात्र एका फोनवर होत नाही, चार माणसं जुळवून ती उभी करावी लागते.

त्याआधी ‘जेवण कमी झालं’ म्हणजे नेमकं काय, ते विचारून घ्या. ताटात काय उरतं? भरीत-भाकरी आवडीने खाणारी बाई भाकरी बाजूला सारून नुसत्या वरण-भातावर आली असेल, बिस्किटही चहात बुडवल्याशिवाय खात नसेल, तर तिची भूक मेलेली नाही, तिला चावता येत नाहीये. पदर लावते म्हणजे दात हलत असेल, तोंडाला वास येत असेल किंवा कवळी कुठेतरी डबीत पडून असेल. झटका आलेल्यांचं आणखी एक असतं. कमजोर बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते जाणवतही नाही. रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलचा टॉर्च लावून उजव्या गालाच्या आत बघायला तिथल्या मावशींना सांगा. तिथे भाताची शितं दिसली, तर अर्धं उत्तर मिळालं.

आता डॉक्टरांचं. घडीची खुर्ची, छोटा कॉम्प्रेसर, तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारं सक्शन आणि दिवा एवढं सामान गाडीत मावतं. तेवढ्यावर वृद्धाश्रमात बरंच काम होतं: तपासणी, दात साफ करणं, हलणारा दात काढणं, टोचणारी कवळी घासून देणं, नव्या कवळीचं माप घेणं. म्हातारपणी हिरडी मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या मुळाला कीड लागते. तिथे मशीन न लावता हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दातात भरायचं सिमेंट भरता येतं. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं ब्रशने लावूनही कीड थांबवता येते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. लावलेली जागा काळी पडते, हे मायला आधी सांगायला हवं. हाडात रुतलेला दात, मोठी सूज किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांचे दात काढणं ही कामं मात्र रुग्णालयातच व्हावीत. ‘सगळं इथेच करून टाकू’ म्हणणाऱ्याला मी तरी नकार देईन.

विचारायचं कुठे? धुळ्याला अण्णासाहेब चुडामण पाटील मेमोरियल दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत सार्वजनिक आरोग्याचा एक विभाग असतो आणि शिबिरं, फिरती गाडी त्याच्याकडे असतात. वृद्धाश्रमाच्या लेटरहेडवर त्या विभागप्रमुखांना पत्र जाऊ द्या. त्यात किती जण आहेत, किती जण अंथरुणावर आहेत, वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, हे लिहा. दुसरा रस्ता अमळनेर, चोपडा, पारोळा भागातल्या खासगी डॉक्टरांचा. एका पेशंटसाठी दवाखाना बंद ठेवून येणं त्यांना जड जातं, दहा-बारा जणांची तपासणी असेल तर बरेच जण तयार होतात. जाण्यायेण्याचा आणि वेळेचा खर्च तुम्ही उचला, सोबतच्या आजीआजोबांचाही. परदेशातून पाठवलेल्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मे महिना टाळा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना तास-तासभर बसवू नये.

डॉक्टर येण्याआधी औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो मागवून त्यांना पाठवा. झटक्यानंतर रक्त पातळ करणारी गोळी बहुतेक चालूच असते. दात काढायचा म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका, दुसरा झटका येऊ शकतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्याने अडचण होऊ शकते. माय मिश्री लावते का, हे व्यवस्थापकांना नाही, तिलाच विचारा. लावत असेल तर गाल आणि जीभ नीट तपासायला सांगा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर शिबिराची वाट न बघता दाखवायचं.

आणि ताई, डॉक्टर वर्षातून दोनदा येतील, तोंड रोज साफ व्हायला हवं. जपानमध्ये ११ नर्सिंग होममधल्या वृद्धांवर दोन वर्षं केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड जेवणानंतर दुसऱ्या कुणी साफ करून दिलं, त्यांच्यात ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरते, म्हणून हे होतं. झटक्यानंतर तुमच्या मायला गिळायला त्रास होत असेल, तर तिला हा धोका जास्त आहे.

म्हणून एका मावशींना हे काम नेमून द्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. मायला ताठ बसवायचं, हनुवटी थोडी खाली. आडवं झोपवून कधीच नाही. आधी ओठांना व्हॅसलीन, मग मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट. मावशींनी कमजोर बाजूपासून सुरुवात करायची. चूळ भरता येत नसेल तर ओल्या गॉजने पुसून घ्यायचं. कवळी असेल तर रात्री काढून, साध्या साबणाने घासून गार पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने ती वाकडी होते. डबीवर मायचं नाव हवं, आणि नवी कवळी करताना लॅबकडून तिच्या आतही नाव घालून घ्या. वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते आणि दुसऱ्याची कवळी टोचली की माणूस ती घालणंच सोडतो.

हे सगळं ठरवताना मायला विचारून ठरवा. तिचं डोकं शाबूत आहे, दात तिचे आहेत. तुमचा संमतीचा ईमेल व्यवस्थापकांकडे असू द्या, पण हो किंवा नाही तिनेच म्हणायचं. नवी कवळी लागणार असेल तर मापापासून ती हातात येईपर्यंत चार-पाच फेऱ्या होतात, पुढे टोचते तिथे घासून घ्यायला आणखी एखादी. दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही. डिसेंबरात येणार असाल तर माप ऑक्टोबरातच घ्यायला सांगा, म्हणजे तुम्ही तिथे असताना टोचण्या-बोचण्याची शेवटची फेरी होईल.