डिझेल बुलेट घ्यावी का?

घे की! पण आधी आरसी बघ, मग गाडी. एनफिल्ड टॉरस, म्हणजे कंपनीची डिझेल बुलेट, तिच्या कागदावर इंधन डिझेलच हवं, चासी आणि इंजिन नंबर जुळलेच पाहिजेत. पुष्कळांनी मूळ इंजिन काढून पेट्रोलचं बसवलंय. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवू असं डोक्यात असेल तर विसर, त्याला ५० वर्षं लागतात.

बघायला जाशील तेव्हा किक थंड इंजिनला मार. मालकाने तापवून ठेवलं असेल तर चहा पी, गार होऊ दे.

ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर, ३२५ सीसीतून. घाटात स्कूटीवाले मागे टाकतील, आत्ताच पचव.

नवख्यांची ठरलेली चूक: पहिल्याच रविवारी सगळं खोलतात. चालती असेल तर महिनाभर चालव. रंग-क्रोम नंतर.